पहिला घास

आर्वीच्या पलीकडे, जंगलाला लागून आमचं गाव. इथे टेकोडे खायचे तर रामबाईच्याच हातचे. टेकोडे म्हणजे पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळंबी. रामबाईच्या घरची रीत अशी, की जो तोडून आणेल त्यानं पहिला घास खायचा, मग बाकीच्यांनी. आम्ही शेजारी मोठे धीट! रामबाई घास गिळून "खा आता, मेली नाई मी" म्हणाली की आमच्या वाट्या पुढे. विष चढायचं तर उशिरानंही चढतं, हे ठाऊक होतं. पण रामबाईनं खाल्लं म्हणजे झालं.

अलीकडे तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. सावंगीच्या दवाखान्यात चल म्हटलं की अंगावर यायची. "कोन म्हनते मले दिसत नाई?" एकदा कबूल केलं की जंगल सुटणार, ही तिची धास्ती. मला ती कळायची, म्हणून मीही गप्प बसायचो. चुकलंच माझं.

यंदा श्रावणात तिनं टोपली भरून आणली. सून रोशनी निवडायला बसली. ही समुद्रपूरकडची, कापसाच्या मुलखातली. टेकोडे पाहिले ते लग्नानंतरच. मी ओसरीवर चहा पीत होतो. निवडता निवडता रोशनी थबकली. एक अळंबी उलटी करून पाहिली, हुंगली आणि हळूच चुलीत टाकली. थोड्या वेळानं आणखी एक. ओली अळंबी निखाऱ्यावर चरचरली.

"काऊन टाकलं वं?" भिंतीशी टेकलेल्या रामबाईनं विचारलं.

"किडके होते, आत्या."

रामबाईनं मान चुलीकडे वळवली. किडके टेकोडे कोंबड्यांना, विषारी तेवढे चुलीत, ही शिस्त तिनंच सुनेला लावली होती.

ताटं वाढली. कोणी हात लावेना. रामबाईनं आपलं ताट चाचपडत सुनेपुढे सरकवलं.

"निवडले तूनं. पयला घास तुयाच."

"आत्या, मी कशी..."

"खाय."

रोशनीनं रडत रडतच घास घेतला. रामबाईनं तिला पाणी दिलं, मग ताट पुन्हा जवळ ओढलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दुसऱ्याच्या मागून जेवली.

हात धुताना म्हणाली, "सकाळी संग येजो. समदे वारूळ दाखवीन तुले." पदराला हात पुसत पुढे म्हणाली, "मंग मले सावंगीले नेजो."