चेलोच्या पोटातली कांडी

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. कुणी चेलोचा विषय काढला की मी चहा सांगायच्या निमित्तानं उठायचो. आता हात थरथरतात, पटाशी धरवत नाही. निदान खरं काय ते लिहून ठेवतो.

आम्ही मिरजेचे, तंबोरे-सतारी करणारे. नव्वदच्या दशकात पाचगणीच्या एका शाळेतल्या संगीताच्या बाईंनी मला बोलावलं. गोव्याकडच्या, एकट्या, साठी उलटलेल्या. त्यांच्या चेलोला, म्हणजे गुडघ्यांमध्ये उभ्या धरून वाजवायच्या मोठ्या व्हायोलिनला, चीर गेली होती.

चीर दाखवायच्या आधी त्यांनी वाजवून दाखवलं. शंभरेक वर्षांपूर्वीच्या कुणा युरोपी संगीतकाराचा कॉन्चेर्टो होता. पुढे एकटा चेलो आणि मागे अख्खा ऑर्केस्ट्रा, अशी ती रचना.

"हा कुणी वाजवत नाही," त्या म्हणाल्या. "शेवट इतका हळू होतो की टाळ्या कधी वाजवायच्या तेच लोकांना कळत नाही!"

मला तो विलंबित ख्यालासारखा वाटला. खर्जातून एकेक सूर वर येत होता. घाई नाही, दिखावा नाही. असं संगीत लोक विसरलेच कसे?

मध्येच त्या थांबल्या. गज तसाच हवेत. समोरच्या रिकाम्या खुर्च्यांकडे पाहत मान डोलावू लागल्या. ऑर्केस्ट्राची पाळी होती. खिडकीतून धुकं आत शिरलं होतं. त्या शांततेत मलाही काहीतरी ऐकू येऊ लागलं, लांबून, पुष्कळ माणसं एका श्वासात फुंकत असल्यासारखं. अंगावर काटा आला.

बाई हसल्या. "ऐकलंत ना? रोज येतात."

शाळेच्या गॅदरिंगला पियानोच्या साथीनं त्या हा कॉन्चेर्टो वाजवणार होत्या. लोकांपुढे, आयुष्यात पहिल्यांदा.

चेलो मी मिरजेला आणला. तारा उतरवल्या तर आत काहीतरी खडखडलं. चेलोच्या तबकडीवरच्या भोकातून एक लाकडी कांडी निघाली, बोटाएवढी जाड, कुठेच न चिकटवलेली. तंबोऱ्याचा भोपळा आतून मोकळा असतो. मला वाटलं, कुणा सुताराचा राहून गेलेला टेकू. सरस तापवायच्या शेगडीत टाकली.

चीर झकास बुजली. चेलो परत नेला तेव्हा बाईंनी विचारलं, "आत कांडी असते, ती नीट उभी केलीत ना, मिस्त्री? सगळा आवाज तिच्यावर असतो. मला आता आतलं दिसत नाही."

शेगडीत टाकली ती हीच. "व्हय बाई. होती तशीच हाय."

त्यांनी गज टेकवला. विहिरीच्या तळातून कुणी हाक मारावी तसा आवाज आला. थोडं वाजवून त्या थांबल्या आणि गज उचलून वाट पाहू लागल्या. बराच वेळ. मग खुर्च्यांकडे बघतच म्हणाल्या, "आज कुणी आलं नाही."

मी हत्यारं पिशवीत भरू लागलो.

"चेलोचा दोष नाही, मिस्त्री. माझा कानच गेला."

गॅदरिंगला त्यांनी वाजवलं नाही.

मी नवी कांडी तासून पुन्हा पाचगणीला गेलो. दार लोटलेलं होतं. आत बाई एकट्याच, पण रिकाम्या खुर्च्यांशी बोलत होत्या. "माझ्यावर रागावलात का? एकदा तरी या."

माझा हात कडीपर्यंत गेला आणि मी मागे फिरलो. पुढच्या खेपेला खोलीला कुलूप होतं. बाई वारल्या, असं शेजारणीनं सांगितलं.

घाट चढताना वाक्यं पाठ करत आलो होतो. तेवढंच म्हणायचं होतं: बाई, तुमचा कान शाबूत आहे. कांडी मी जाळली. मला माफ करा.