डावी बाजू सपाट

गल्लीतल्या लाँड्रीच्या वर एका खोलीत ती बायकांचे कपडे शिवायची. तोंडाने फटकळ, म्हणून सगळे तिला 'कात्री' म्हणत आणि तीही बिनधास्त ओ द्यायची. कमरेला गाठ मारायचा रॅप ड्रेस, खाली पसरत जाणारा ए-लाइन, सगळं तिने शिवलं; पण जीव होता तो स्लिप ड्रेसवर. दोन बारीक बंद आणि त्यांच्यापासून सुळकन खाली उतरणारं साटीन. कापड उरेब, म्हणजे तिरकं कापायचं, की ते अंगाबरोबर वळतं.

"यात काही लपत नाही," ती गिऱ्हाइकांना सांगायची. "लपवायचं असेल तर गोणपाट आणा."

पन्नाशी ओलांडली आणि कॅन्सरमुळे तिचा डावा स्तन काढावा लागला. उपचार संपले, केस परत आले, तोवर लेकीचं लग्न ठरलं. लग्नानंतरच्या जेवणाला कात्रीने काय घालायचं, यावर घरात खलबतं सुरू झाली. मोठ्या जाऊबाई गळाबंद, ढगळ झगा घेऊन आल्या.

"यात काही कळायचं नाही हो."

"काय कळायचं नाही?"

जाऊबाई झग्याची घडी करायला लागल्या. लेक मात्र बोलली, "आई, सासरचे सगळे असतील. फोटो काढतील. एक दिवस आत पॅड घाल ना."

जावेचं बोलणं तिने कानाआड केलं असतं. ही पोटची पोर होती.

"माझी जखम तूच धुवायचीस," ती म्हणाली. "तेव्हा नाही लाज वाटली?"

लेक रडत उठून गेली.

दुसऱ्या दिवशी तिने गडद हिरवं साटीन टेबलावर पसरलं. पहिला ड्रेस फसला. डावीकडे कापड चुण्या पडून लोंबायला लागलं. दोन्ही बाजू सारख्या कापायची हाताची सवय जाता जाईना. शेवटी तिने सगळं उसवलं आणि डाव्या बाजूचा वेगळा नमुना कागदावर काढला, अगदी सपाट. मग कुठे कापड नीट बसलं. बंदाजवळून व्रणाचं टोक दिसत होतं. ते तिने तसंच राहू दिलं.

जेवणाच्या दिवशी हॉलमध्ये ती शिरली तशा जाऊबाई शाल घेऊन धावल्या. तिने शाल घेतली, घडी घातली आणि त्यांच्याच हातात दिली. "थंडी तुम्हाला वाजतेय. तुम्ही घ्या."

फोटोच्या वेळी लेक तिच्या डावीकडे उभी राहिली, आईची ती बाजू झाकली जाईल अशी. कात्री एक पाऊल पुढे सरकली.

त्यानंतर बरेच दिवस लेकीचा फोन नव्हता. आला तोही घुश्श्यातच.

"माझ्या नणंदेला तुझ्यासारखा ड्रेस हवाय. तिचंही ऑपरेशन झालंय. तिच्या नवऱ्याशिवाय घरात कुणाला पत्ताच नव्हता."

"पाठव तिला."

"एकटी यायला लाजते. मी घेऊन येते." आणि लगेच, "मला अजून राग आहे तुझा."

"असू दे. ये."

नणंदेचा ड्रेस झाला आणि कात्रीने जिन्याखालच्या पाटीवर स्वतःच्या हाताने एक ओळ रंगवली: 'एक स्तन असलेल्या बायकांचे कपडेही मापाने शिवून मिळतील.'

लाँड्रीवाला वैतागला. "अहो बाई, भर रस्त्यावर असलं काय लिहिता?"

"का, आणखी मोठं लिहू? रस्त्यापलीकडून वाचता येत नाहीये का?" म्हणत तिने ब्रश पुन्हा रंगात बुडवला.