बोटावरची दोरी

रावेतच्या फ्लॅटमध्ये हल्ली मी एकटाच असतो. काल माळा आवरताना प्लास्टिकच्या बाटलीला गुंडाळलेली गळाची दोरी सापडली. गळ पार गंजला होता.

ती दिलीपची. चाकणला आम्ही एकाच शिफ्टला, शेजारच्या मशीनवर होतो. नारळी पौर्णिमा होऊन होड्या पुन्हा समुद्रात जाऊ लागल्या, तेव्हा एका रविवारी त्याने मला कोकणात आपल्या गावी नेलं. तिथे आम्ही अर्ध्या दिवसासाठी होडी भाड्याने घेतली आणि किनाऱ्यावरचे माड दिसत राहतील इतकंच आत गेलो.

ओली दोरी हाताला काचेल म्हणून मी कंपनीचे हातमोजे घातले होते. दिलीप हसला. “मोजे काढ, राव. मासा ओढतो ते बोटाला कळायला हवं.”

मी काढले. मान उन्हाने भाजत होती, डिझेल आणि आमिषाच्या कोळंबीचा वास नाकात बसला होता, आणि माझं सगळं लक्ष दोरी टेकलेल्या त्या एका बोटावर होतं.

तेवढ्यात तो म्हणाला, “मी कंपनी सोडायचं म्हणतोय. तुला काय वाटतं?”

“हळू बोल,” मी म्हणालो. “मासे पळतील.”

त्याने आपल्या गळाला नवी कोळंबी लावली. पुढच्या महिन्यात त्याने राजीनामा दिला आणि जाताना ही दोरी माझ्या डब्याच्या पिशवीत ठेवून गेला.

त्या दिवशी मला एकच मासा लागला, वीतभरही नव्हता. पण त्याने दोरी ओढली ते मला लगेच कळलं होतं.