सोर्बियन पाहुणी आणि आमचं कन्नड

गेल्या जानेवारीत बेळगावातल्या वडगावच्या आमच्या घरी जर्मनीहून पाहुणी आली होती. माझी लेक तिकडं नोकरीला आहे, तिची ही घरमालकीण. वय माझ्याएवढंच, पासष्टीच्या आसपास. लेकीनं फोनवर आधीच बजावलं होतं, "आई, तिला जर्मन म्हणू नको बघ. ती सोर्ब हाय."

म्हटलं, हे काय आता नवीन? तेव्हा लेकीनं समजावून सांगितलं. जर्मनीच्या पूर्व टोकाला हजारभर वर्षांहून जास्त काळ हे मूठभर लोक राहतात. भाषा जर्मनपेक्षा पोलिश-चेकच्या जवळची. स्वतःचं राज्य कधीच नाही. नाझींच्या राजवटीत त्यांची भाषा दडपली, पुढं कोळशाच्या खाणींसाठी गावंच्या गावं उठवली. तरी भाषा अजून आहे, पण बोलणारे दरसाल कमी होत चाललेत. ऐकता ऐकता मला त्या न बघितलेल्या बाईची माया वाटायला लागली. बेळगावात जन्म गेलेल्या माणसाला ही कथा दोनदा सांगावी लागत नाही.

लेक आणि ती, दोघी पुण्याहून बसनं आल्या. निपाणीला बस चहाला थांबली, तेव्हा ही बाई दुकानांच्या कन्नड-मराठी पाट्या वाचत, म्हणजे नुसत्या बघतच, रस्त्यानं हिंडत सुटली म्हणे. तिच्या गावाकडंही पाट्या दोन भाषांत असतात, वर जर्मन आणि खाली सोर्बियन, आणि किती ठिकाणी सोर्बियन अक्षरं बारीक. मी म्हटलं, "बाई गं, अक्षरं बारीक का मोठी, यावर आमच्याकडं माणसांचे जन्म गेलेत!" लेकीनं इंग्रजीत सांगितल्यावर ती जी हसायला लागली, ती थांबेना. आमचं जमलं.

माझं सांगायचं तर मी तीस वर्षं मराठी शाळेत मास्तरीण होते. कडोलीच्या साहित्य संमेलनाला दरवर्षी पहिल्या रांगेत बसणारी. आणि घरात? घरात सहा वर्षांची नात, जिला मराठी येत नाही. सून धारवाडकडची, कन्नड बोलणारी. पोरगी आईशी कन्नड, शाळेत इंग्रजी, टीव्हीशी हिंदी. माझ्याशी जे हाताला लागेल ते. मुलाला सांगून दमले. तो म्हणायचा, "शिकंल की गं सावकाश." कधी शिकणार? मी गेल्यावर? माझं मराठी माझ्याच घरात माझ्याबरोबर संपणार, हे मला स्वच्छ दिसत होतं, आणि त्याचा सगळा राग सुनेवर होता. तोंडावर कधी बोलले नाही. पाठीमागं मात्र जाऊबाईजवळ मन मोकळं करायची.

आल्या दिवशी पाहुणीनं नातीला त्यांच्याकडचा एक सण सांगितला. जानेवारीच्या शेवटी पाखरांचं लगीन असतं. पोरं रात्री खिडकीत रिकामी ताटली ठेवतात आणि सकाळी तीत खाऊ असतो. थंडीत दाणे घातले म्हणून पाखरं लग्नाच्या जेवणातला वाटा पाठवतात. झालं! पोरीनं लगेच ताटली ठेवली. सकाळी तीत कुंद्याचा, आमच्या बेळगावी खव्याच्या मिठाईचा, हा एवढा गोळा. पोरगी घरभर नाचली. आईला सगळी हकिकत कन्नडमध्ये सांगितली, चांगली पाच मिनिटं, हातवारे करून. मग माझ्याकडं आली आणि म्हणाली, "अज्जी, देखो, चिडिया लोगोंने दिया!" आणि पळाली. माझ्या वाट्याला तेवढंच आलं.

त्याच दुपारी जाऊबाई आल्या. पलीकडच्या गल्लीत राहतात, त्यांच्याकडं अजून साड्यांचे माग आहेत. पाहुणी, लेक, आम्ही दोघी जावा असा फड जमला. जाऊबाई नकला फार भारी करतात. कुणा गिऱ्हाइकानं साडी उलटी धरून "डिझाईन न्हाय आवडलं" म्हटलं, ते त्यांनी असं करून दाखवलं की आमची हसून पुरेवाट झाली. तेवढ्यात सून चहा घेऊन आली. आम्ही दोघींनी लगेच कन्नडमध्ये "बा, कुंदर," म्हणजे ये, बस, म्हटलं. तिनं केलेल्या चहाचं कौतुक केलं, तेही कन्नडमध्ये. ती दोन मिनिटं टेकली, कप गोळा केले आणि आत गेली. आम्ही पुन्हा आमच्या मराठीवर.

पाहुणीनं लेकीला काहीतरी विचारलं. लेक म्हणाली, "आई, ती विचारत्या, तुझी सून आत आल्यावर तुम्ही भाषा का बदलली?"

मी चाटच पडले. हिला ना मराठी येतं, ना कन्नड!

"अगं, तिला समजावं म्हणून! घरच्या माणसाला परकं वाटू नये म्हणून. रीत हाय आमची."

पाहुणी म्हणाली, आमचीही हीच रीत. दहा सोर्ब बसलेले असू देत, एक जर्मन आत आला की दहाही जण जर्मन बोलायला लागतात. तिचा बाप जर्मन होता. तो कामावरून आला की आई, आजी, सगळ्या जर्मनवर यायच्या. त्यानं कधी तसं मागितलं नव्हतं. पोरांच्या कानावर सोर्बियन पडायचं ते बाप घरात नसताना, म्हणजे थोडंच. ही स्वतः आपली भाषा पन्नाशीत वर्गात बसून शिकली. आणि बाप म्हातारपणी तिला म्हणाला होता, "मी आलो की घर एकदम सभ्य व्हायचं. मला त्या घरात कधी राहायलाच मिळालं नाही."

खरं सांगते, मला राग आला. मनात म्हटलं, वा रे वा! माणसाचा मान राखला, तो पण गुन्हा? जाऊबाईंनी वेळ ओळखली आणि पाहुणीला, लेकीला माग दाखवायला घेऊन गेल्या. नातही त्यांच्यामागं गेली.

घरात मी आणि सून. ती भाकरीचं पीठ मळत होती. मी स्वयंपाकघरात गेले, दारात उभी राहिले आणि सात वर्षांत पहिल्यांदा तिच्याशी मराठीत बोलले.

"दमलीस का गं?"

तिचा हात थांबला. चेहरा उतरला. कन्नडमध्ये म्हणाली, "अत्ती, माझं काही चुकलं का?"

अगं बाई! माझ्या तोंडचं साधं मराठी तिला रागावल्यासारखं वाटलं. मी तशीच मराठीत बोलत राहिले. "न्हाय गं, तुझं काय चुकतंय! चूक आमची हाय. तुला मराठी कधी ऐकूच दिलं न्हाय आम्ही. तुला कसं समजणार?"

तिनं पीठ परत मळायला घेतलं. मग बोलली. मराठीत. अडखळत, कन्नडच्या हेलात, पण मराठीत.

"समजतंय, अत्ती. सगळं समजतंय. तुम्ही बाहेर बोलता, मी इथं ऐकत असते. मी बाहेर आले की तुम्ही बंद करता. मग मला कुठलं मराठी ऐकायला मिळतं? मी नसताना माझ्याबद्दल बोलता ते. 'हिनं माझ्या नातीची जीभ कापली.' हे मला पाठ आहे. पोरीला ते मराठी शिकवू का?"

तिच्या आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होती ती.

तीस वर्षं मराठी शिकवलेली मी, तिचे पिठाचे हात धरले आणि रडले.