अप्पांच्या होड्या

सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्तीची लाट आली त्या वर्षी अप्पांनीही अर्ज दिला आणि एका संध्याकाळी गळ्यातला हार हातात धरून घरी आले. का, ते त्यांनी सांगितलं नाही. 'पुरे झालं' एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते पुढच्या खोलीतल्या वेताच्या खुर्चीत बसू लागले. पेपर उघडा असायचा, पण पान उलटायचं नाही. तंजावरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत सगळी ओळखीची मराठी घरं. येणारा-जाणारा खिडकीतून हाक मारायचा आणि अप्पा मान हलवायचे. बाजार, देऊळ, मित्र, सगळं सुटलं. अम्मा आधी चिडली, मग रडली, मग तिनं बोलणं सोडून दिलं.

मी तेव्हा बसस्टँडजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते आणि फावल्या वेळात चीन चालवत होते. तो एक युद्धाचा खेळ होता, इंटरनेटवरून, मेलनं खेळायचा. दर आठवड्याला प्रत्येक खेळाडूनं आपल्या सैन्याचा हुकूम पंचाला पाठवायचा. पंचानं सगळे हुकूम नकाशावर मांडायचे, फासे टाकायचे आणि कोण जिंकलं, कोण बुडालं ते सोमवारी सगळ्यांना कळवायचं. नियम माझे, नकाशा माझा, पंचही मीच. खेळाडू म्हणजे पुणे, बंगळूर, मस्कत, न्यू जर्सी अशी पांगलेली मराठी माणसं. सगळे इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे, कारण मेलमध्ये देवनागरी उमटायची नाही. मला ते बरंच होतं. देवनागरी मी शिकले ती पुढे लग्न होऊन पुण्याला आल्यावर.

चीनच का, असं सगळे विचारायचे. आपल्या इतिहासातली लढाई घेतली असती तर पहिल्याच आठवड्यात एकमेकांचे पणजोबा काढले असते, म्हणून. चीनमध्ये कुणाचं कुणी नव्हतं. मी सोंग राजवटीचा शेवटचा काळ निवडला: उत्तरेकडून स्वारी येतेय, मध्ये यांगत्से नदी, दक्षिणेत घाबरलेला दरबार. राजवटीचं नाव ऐकून पुणेकरांनी आठवडाभर माझी टर उडवली. सोंग तर सोंग, म्हटलं, नीट वठवा म्हणजे झालं.

मग मस्कतच्या खेळाडूनं नोकरी बदलली आणि खेळ सोडला. नदीवरचं सोंग आरमार त्याच्याकडे होतं. जागा रिकामी ठेवता येत नव्हती. मी नकाशा अप्पांपुढे ठेवला आणि म्हटलं, या होड्या सांभाळायला माणूस नाही. त्यांनी नदीवर बोट ठेवून विचारलं, इथे पाणी किती खोल? मी नियमांची वही आणायला धावले.

एक अट मी घातली. खेळाडूनं पंचाच्या घरून खेळायचं नाही. त्यामुळे मंगळवारी आणि शुक्रवारी अप्पा इस्तिरीचा शर्ट घालून, कपाळाला गंध लावून ब्राउजिंग सेंटरला जाऊ लागले, अगदी बँकेत निघाल्यासारखे. तिथे दोन बोटांनी टाइप करायला शिकले. येताना भाजी आणू लागले. उत्तर तीरावरचं सोंग सैन्य पुण्याच्या एका निवृत्त प्राध्यापकांकडे होतं, म्हणजे ते अप्पांचे मित्रपक्ष. मित्रपक्ष आपसात काय लिहितात ते पंचाला दिसत नव्हतं, पण जेवताना अप्पा सांगायचे. प्राध्यापकांना आमची तीनशे वर्षांपूर्वीची मराठी फार गोड वाटायची. ते तिला 'मुरलेली' म्हणाले होते. मी लोणचं आहे का, असं अप्पांनी त्यांना उलट लिहिलं होतं. अम्मा पदराआड हसली. तिनं मला स्वयंपाकघरात गाठून बजावलं, "तुझा तो चीन मोडला तर हे परत त्या खुर्चीत बसतील. मग मी काय करूं?"

तो शनिवार मला आजही नको वाटतो. हुकमांची मुदत संध्याकाळपर्यंत होती. सकाळी क्लासमध्ये बसून मी मेल उघडली. प्राध्यापकांचा हुकूम होता: सगळं सैन्य नदी ओलांडून दक्षिण तीरावर आणतो, वाहतूक मित्राच्या होड्यांतून. खाली अप्पांचा हुकूम होता: सगळ्या होड्या पुराआधी मागे सरोवरात, मग तिथून हालचाल नाही.

मी दोन्ही पुन्हा वाचले. मागून शत्रूचे घोडेस्वार येत होते, ते मला ठाऊक होतं. होड्या आल्या नाहीत तर ते सैन्य काठावर अडकून कापलं जाणार होतं. शत्रूकडून खेळणारे न्यू जर्सीचे गृहस्थ गेला महिनाभर दिसेल त्याला सुभेदारीचं आमिष दाखवत होते. फितुरीला नियमांत जागा मीच ठेवली होती. त्यामुळे माझ्या मनात पहिला विचार आला तो एकच: अप्पा फितले.

पंचानं खेळाडूला काही विचारायचं नाही, हा माझाच नियम. मी घरी जेवायला गेले. अप्पा ताकभात कालवत होते आणि अम्माला प्राध्यापकांच्या संधिवाताबद्दल सांगत होते, एखादं तेल पाठवावं म्हणत होते. ज्याला बुडवायला निघालात त्याचे गुडघे कशाला कुरवाळता, असं ओठांवर आलं होतं. मी पाणी प्यायले आणि उठले. क्लासमध्ये परतून मुदत संपेपर्यंत मेल पुन्हापुन्हा उघडून पाहिली. कुणीही हुकूम बदलला नाही. मी फासे टाकले, आणि फासेही वैऱ्यासारखे पडले.

सोमवारी निकाल गेला. मंगळवारी प्राध्यापकांची मेल सगळ्यांना एकदम आली. आपण या माणसाला भाऊ मानलं, त्यानं होड्या आणण्याचा शब्द दिला आणि काठावर मरायला सोडलं, असं त्यांनी लिहिलं होतं. मग बाकीच्यांना ऊत आला. आरमाराचा सरदार पंचाचा बाप आहे, हे एकानं जगाला नव्यानं सांगितलं. एकानं मला पंचपद सोडायला सांगितलं, दोघांनी अप्पांना काढा म्हटलं. त्या दिवशी अप्पा ब्राउजिंग सेंटरवरून लवकर परतले, भाजी न घेता. शर्ट काढून खुंटीला टांगला आणि खुर्चीत बसले. शुक्रवारी शर्टाला इस्तिरी केली गेली नाही.

मला अप्पांचा राग आला होता आणि दयाही येत होती, आणि दोन्ही एकदम सोसणं फार वाईट असतं. शेवटी पंच म्हणून मी एक केलं. प्राध्यापकांना लिहिलं, दिलेला शब्द मला दाखवा. त्यांनी तणतणत ती मेल पुढे पाठवली. त्यांनी विचारलं होतं: नदी ओलांडतो, होड्या घेऊन येताय ना? खाली अप्पांचं उत्तर, दोन बोटांनी टाइप केलेलं: एच, ओ, एन, ए. पुढे: पाणी चढतंय.

मी क्लासमध्ये मुलांसमोर कपाळावर हात मारून घेतला.

आमच्या तंजावुरी मराठीत हवं असेल तर 'होवो' म्हणतात आणि नको असेल तर 'होणा'. भात होवो? होणा. लहान मूलही तोंड फिरवून आधी हेच म्हणतं. अप्पांनी लिहिलं होतं: होणा, पाणी चढतंय. म्हणजे ओलांडू नका, पूर येतोय. पुण्यात त्याच चार अक्षरांचं 'हो ना' झालं. हो ना, पाणी चढतंय, म्हणजे होड्या मजेत तरंगतील. इतका ठाम नकार इतक्या प्रेमानं होकार म्हणून वाचला गेला होता.

मी सगळ्यांना ते समजावून लिहिलं. मग प्राध्यापकांनी सगळ्यांसमोर माफी मागितली, मुरलेल्या भाषेपुढे कान धरले आणि ती फेरी पुन्हा खेळवावी अशी विनंती केली. न्यू जर्सीकर जिंकले होते, तरी तयार झाले. मी ती मेल छापून घेतली आणि घरी आणून अप्पांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचली. हसतील असं मला वाटलं होतं. त्यांनी कागद घडी करून मांडीवर ठेवला.

"दोन्ही हुकूम तू शनिवारीच पाह्यलीस," ते म्हणाले. "तुज काय वाटलं?"

खोटं बोलायला सुचलं नाही. म्हटलं, तुम्ही फितलात असं वाटलं.

"मग विचारली कां नाहीस?"

पंचानं विचारायचं नसतं, असं मी पुटपुटले. अम्मा कॉफीचे पेले घेऊन दारात थबकली होती, ती आत येईना.

"बँक सोडलों तेव्हां तू पंच नव्हतीस," ते म्हणाले. "तेव्हांही विचारली नाहीस."

खरंच नव्हतं विचारलं. अम्मानं नाही, मी नाही, गल्लीतल्या कुणी नाही. सगळ्यांनी आपापल्या मनाशी काहीतरी ठरवून टाकलं होतं, आणि त्याला आम्ही सभ्यपणा म्हणत होतो. मला रडू आलं. मी त्यांच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसले आणि विचारलं, अप्पा, बँक का सोडलीत?

त्यांनी कागदाची घडी पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

"टेबलावर कॉम्प्युटर आणून ठेवले," ते म्हणाले. "मज भय वाटलं. माझी लेक गावाला तेंच शिकवते, तिला विचारायची लाज वाटली."