तिले आमच्यात मोजू नका

माझ्या बायकोलाही हे ठाऊक नाही. तुम्हाला सांगतो.

लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून माझ्या बगलेत कुबड्या. भंडाऱ्यातल्या आमच्या अपंगांच्या संघटनेचा मी अध्यक्ष. भाषणं चांगली करतो — समान हक्क, सन्मान, कुणालाही मागं सोडायचं नाही. लोक टाळ्या वाजवतात आणि मला चीड येते. लोकांची नाही — माझीच.

त्या दिवशी आम्ही एका सरकारी कार्यालयात रॅम्प मागायला गेलो होतो. किती चकरा मारायच्या माणसानं? साहेब वरच्या मजल्यावर, आणि आम्ही पायऱ्यांवरून बसत, घसटत वर! सोबत कोंढा गावच्या पार्बताबाई होत्या, लेकीला घेऊन. दुर्गा तिशीतली. समज कमी, बोलणं तुटक, पण धानाच्या रोवण्याला बायांच्या बरोबरीनं चिखलात उभी राहायची. त्यांना मीच बोलावलं होतं. म्हटलं होतं, संघटना तुमचीच आहे.

साहेब ऐकत होते. मध्येच दुर्गा खदखदून हसली, टेबलावरची घंटी वाजवली. परत वाजवली. साहेब वैतागले, "असे लोक कशाला आणता इथं?"

तिचाही हक्क आहे — एवढंच म्हणायचं होतं ना? पण काम होत आलं होतं, आणि... नाही, ते कारण नव्हतं. मला लाज वाटली. तिच्यासोबत मोजलं जाण्याची लाज.

मी म्हणालो, "साहेब, आम्ही पायानं अपंग आहो, डोक्यानं नाही. तिले आमच्यात मोजू नका."

साहेब हसले. आमचे लोकही हसले. मीसुद्धा. पार्बताबाईंनी दुर्गाचा हात घंटीवरून उचलला. "चाल माय," म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या. मी थांबवलं नाही.

रॅम्प झाला. माझा सत्कारही झाला.

मागच्या दिवाळीनंतर कोंढ्याला जाणं झालं. पार्बताबाईंनी खाट टाकली, पाणी दिलं. मी दुर्गाचं विचारलं.

"आत हाय. आता कुठंच नेत नाही तिले. रोवण्यालेही नाही."

"काहून?"

"लोकायचं हासणं सोसलं होतं, भाऊ. तुमी तर आपले होते."

दारामागं बांगड्या वाजल्या. माफी मागायला मी तोंड उघडलं — आणि विचारलं, यंदा धान कसं झालं?

"बरं झालं," त्या म्हणाल्या.

मी कुबड्या घेतल्या आणि निघालो.