सासूच्या जिन्यावर गॅसची जीप

व्हर्ला स्टॅनक्लिफ कोणाच्या घरी गॅसची टाकी भरायला गेली की आधी कुत्र्याला नावाने हाक मारायची आणि मग मालकाला फैलावर घ्यायची. "टाकीभोवती एवढं गवत? मी काय शेळी आहे, चरत चरत येऊ?" फार्मिंग्टन गावाच्या आसपास, जिथे गावातल्या गॅसची पाइपलाइन पोचत नाही, अशा प्रत्येक घरापर्यंत तिने वर्षानुवर्षं प्रोपेन गॅसचा ट्रक नेला. लोक तिला घाबरायचे आणि ती आली नाही की चुकचुकायचे.

तिचा नवरा ऑर्व्हल गोदामात माल उचलणाऱ्या, गॅसवर चालणाऱ्या फोर्कलिफ्ट दुरुस्त करायचा. निवृत्त झाल्यावर त्याचा एकच उद्योग उरला होता, तो म्हणजे जुनी उघडी जीप घेऊन कातळांवर चढणं. आमच्या जीपवाल्यांच्या क्लबात आम्ही सगळेच हे वेड घेऊन फिरतो, पण ऑर्व्हल आमच्यातला राजा. गेल्या शरदात मात्र सासूचा जिना म्हणतात त्या कड्यावर, अर्ध्या चढावर जीप बंद पडली, मागे घसरली आणि कुशीवर आडवी झाली. शेजारी बसलेल्या व्हर्लाला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. ऑर्व्हलचं खांद्याचं हाड मोडलं. ते जुळलं, पण माणूस काही उठेना. ज्याला मासा खायलाही आवडत नाही, तो दिवसभर टीव्हीवर मासेमारी बघत बसायला लागला.

"माझा पाय चुकला," एवढंच तो म्हणायचा. "म्हातारा झालो. ब्रेक सोडून भलतंच काहीतरी दाबलं असणार. तुला मारली असती मी."

"पाय नाही रे चुकला! इंजिन आधी मेलं. मी शेजारी होते, मला कान आहेत."

"तुझे कान फक्त तुझंच ऐकतात."

आणि त्याने जीप ड्यूई टॅकेटला देऊन टाकायचं कबूल केलं. ड्यूई क्लबातलाच, भला माणूस, पण बडबड्या. वसंतातल्या सहलीला, त्याच कड्यापाशी, किल्ली त्याच्या हातात द्यायची असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हर्ला माझ्या वेल्डिंगच्या शेडमध्ये आली आणि तिने टेबलावर फोर्कलिफ्टची गॅसची टाकी दाणकन आदळली. "यंत्र चालू कर. जीप प्रोपेनवर घ्यायचीय. सहलीच्या आधी."

मी हसलो. मग हसू आवरलं, कारण बाईचं चूक नव्हतं. चढावर जीप उभी झाली की कार्बोरेटरमधलं पेट्रोल एका बाजूला धावतं आणि इंजिन गुदमरतं. गॅसला सांडणं ठाऊकच नाही. बंद नळीतून येतो, जीप कशीही कलंडू दे. मला स्वतःलाच हे आधी सुचायला हवं होतं, म्हणून मला तिचा जरा रागही आला.

भंगारातल्या एका फोर्कलिफ्टचा बाकीचा गॅसचा संच आम्ही उचलून आणला. टाकी सीटमागे आडवी बसवायची, तिथून नळी पुढे, इंजिनाच्या गरम पाण्यावर तापणारा एक डबा, त्यात द्रवाचा वायू होतो, आणि कार्बोरेटरच्या जागी हवा-गॅस मिसळणारं तबकडीसारखं तोंड. कार्बोरेटर निघाला तेव्हा व्हर्लाने तो कचऱ्याच्या पिंपात टाकला आणि वर झाकण लावून त्यावर बसली. टाकीची कुठली बाजू वर ठेवायची ते तिने सांगितलं, टाकी फिरू नये म्हणून तिला अडकवायची खुंटी मी तिच्या खुणेवर वेल्ड केली. गॅसमधलं तिला शिकवणारा मी कोण?

पहिल्याच किल्लीला इंजिन सुरू झालं! काय गोड आवाज होता तो, धुराचा वास नाही, खोकला नाही. आम्ही दोघं शेडमध्ये वेड्यासारखे नाचलो. व्हर्ला जीप तशीच घरी घेऊन गेली आणि खिडकीखाली उभी करून हॉर्न वाजवत राहिली. ऑर्व्हलने टीव्हीचा आवाज वाढवला.

सहलीच्या दिवशी तो आला, पण माझ्या पिकअपमध्ये बसून राहिला, मांडीवर खाल्लेल्या मिरचीच्या बरिटोचा कागद आणि मुठीत जीपची दुसरी किल्ली. आमच्याकडे कड्यावर चढताना एकच जण समोर उभा राहून हातांनी दाखवतो. चालवणाऱ्याने फक्त त्याच्याकडेच बघायचं आणि बाकीच्यांनी तोंड शिवून बसायचं. व्हर्लासमोर ड्यूई उभा राहिला. "सावकाश हं, वहिनी, माझी जीप आहे ती!"

"अजून नाही झाली!" व्हर्ला ओरडली आणि चाकं कातळाला लागली.

जीप थोडी चढली, धापा टाकू लागली आणि बसली. पुन्हा प्रयत्न, पुन्हा तेच. ती खाली सपाटीवर आली. मी टाकी बघायला पळालो. टाकीवर दव धरलं होतं आणि बघता बघता ते पांढरं पडत चाललं होतं. वाळवंटातल्या उन्हात हिमाचा थर! व्हर्ला स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसली होती. तिला असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

पिकअपचं दार धाडकन आपटलं.

"अगं ए बाई!" ऑर्व्हल तरातरा, हात नाचवत येत होता. "घरच्या टाकीसारखी बसवलीस तू! घराला वरचा वायू देतात. फोर्कलिफ्टच्या टाकीला आत वाकडी नळी असते, ती तळाला हवी, तिला द्रव लागतो! उलटी ठेवून वरचा वायू ओढते आहेस, सपाटीवर तो पुरतो, चढावर नाही, म्हणून टाकी गारठली. आणि सुरक्षेची झडप खाली गेली ती वेगळीच. कोणी वेल्ड केली ही खुंटी?"

मी वेल्डिंगच्या काड्या आणायला पिकअपकडे वळलो.

"मग आधी का नाही बोललास?" व्हर्लाने डोकं वर केलं.

"तू विचारलंस कुठे? नुसता हॉर्न वाजवलास!"

पुढचा सगळा गोंधळ मला अजून आठवतो आणि अजून हसू येतं. टाकी बंद केली, नळीत उरलेला गॅस इंजिनालाच पिऊ दिला, टाकी सोडवून चौघांनी लांब नेऊन ठेवली. दोन गाड्यांच्या बॅटऱ्या जोडल्या, त्यांच्या तारेला वेल्डिंगची काडी धरली आणि मी उकिडवा बसून खुंटी तोडून दुसऱ्या बाजूला जोडली. ऑर्व्हल डोक्यावर उभा. "नीट कर रे, या वेळी तरी." खुंटी गार झाल्यावर टाकी त्याने स्वतः फिरवून बसवली, पट्टे आवळले आणि साबणाचं पाणी लावून प्रत्येक जोड तपासला. ड्यूई पुन्हा समोर जाऊन उभा राहायला लागला, तेव्हा ऑर्व्हलने त्याला कोपराने बाजूला केलं.

"तू बाजूला हो. ती माझं ऐकेल."

"आजवर कधी ऐकलंय?" ड्यूई म्हणाला.

पण ती ऐकत होती. तो डावा हात हलवे, जीप डावीकडे. तळवे वर, जीप वर. चाक कातळाच्या पायरीला लागलं, बोनेट आभाळाकडे गेलं, आणि नेमकं गेल्या शरदात जीप मेली त्याच जागी ऑर्व्हलने मूठ उगारली. थांब!

सगळे किंचाळले. अशा चढावर कोणी थांबवतं का? व्हर्लाने ब्रेक दाबला. जीप जवळपास शिडीसारखी उभी होती, आणि इंजिन चालू होतं. एकसारखं, शांतपणे. ऑर्व्हल मूठ वरच ठेवून, मान कलती करून ऐकत राहिला. आम्हीही ऐकत राहिलो. इंजिन चालूच होतं.

"पेट्रोलनेच दगा दिला होता, पाय नव्हता," तो म्हणाला. मग मोठ्याने, "व्हर्ला, माझा पाय नव्हता चुकला!"

"तेच तर बोंबलतेय ना मी केव्हाची!" ती वरून रडत रडत ओरडली. "आता पुढे घेऊ का इथेच संसार मांडू?"

त्याने दोन्ही हातांनी बोलावलं आणि जीप एका दमात माथ्यावर गेली. आम्ही टोप्या उडवल्या. ड्यूईने सगळ्यांत जोरात शिट्टी मारली, बिचाऱ्याने. मागच्या पायवाटेने व्हर्लाने जीप फिरवून खाली आणली, तेव्हा ऑर्व्हल चालकाच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

"उतर."

"का? चांगली चालवतेय मी."

"चालवतेस गं. पण मग मला समोरून कोण दाखवणार?"

व्हर्ला उतरली. बाहीने तोंड पुसलं, कातळावर चढली, त्याच्यासमोर पाय रोवून उभी राहिली आणि दोन्ही हात वर केले.